सोसायटीतलं मत नेमकं कुठे गळतं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. खराडीत चारेकशे फ्लॅटची सोसायटी, बहुतेक जण आयटीतले, काही निवृत्त. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान झालं. सुट्टी होती, तरी तुमच्या अंदाजाने निम्म्या घरांतूनही कोणी केंद्रावर गेलं नाही. आदल्या दिवशी संक्रांत, गुरुवारी मतदान आणि शुक्रवारची रजा टाकली की थेट सोमवारी ऑफिस, त्यामुळे पार्किंग रिकामं पडलं होतं. शिकलेली माणसं इतकी उदासीन का असतात, आणि दंड किंवा सक्तीशिवाय यात काही फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. नोकरीची बरीच वर्षं शाळा सांभाळून बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचं काम केलं, पुढे पर्यवेक्षक झाले, मतदानाच्या दिवशी केंद्रावर ड्यूटी केली. आता निवृत्तीनंतर सोसायट्यांना मतदार नोंदणीत मदत करते. इतक्या दारांवर उभं राहिल्यावर माझं मत असं झालंय की 'उदासीन' हा शब्द आपण फार लवकर वापरतो. मतदान करायचंच नाही असं ठरवून बसलेला माणूस मला क्वचित भेटला. मत द्यायची इच्छा असते, पण ती इच्छा आणि मशिनचं बटण यांच्या मध्ये कुठेतरी गळती असते. टाकी भरलेली असूनही नळाला पाणी येत नसेल तर प्लंबर आधी पाइप तपासतो. तुमच्या सोसायटीतही तेच करावं लागेल, कारण गळती कुठे आहे त्यावर उपाय अवलंबून आहे.

आता आकड्यांचं. पुणे लोकसभेचं मतदान २०१४ ला ५४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१९ ला पन्नाशीच्याही आत आलं, २०२४ ला साडेत्रेपन्नच्या जवळ गेलं. त्याच २०२४ ला गडचिरोली-चिमूरला सुमारे ७२ टक्के झालं. हे आकडे शेजारी ठेवून पुणेकरांना दरवेळी बोल लावले जातात. त्यात तथ्य आहे, पण टक्केवारी काढतात ती यादीतल्या एकूण नावांवर. शहराच्या यादीत घर सोडून गेलेले, वारलेले, दोन ठिकाणी नोंद असलेले असे बरेच जण राहून जातात. गावात कोण गेलं, कोण आलं हे सगळ्यांना माहीत असतं. खराडीत शेजारच्या फ्लॅटमधलं कुटुंब बदललं तरी समोरच्याला दोन महिने पत्ता नसतो. मतदानाच्या आधी आम्ही गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी करायचो, तिला एएसडी यादी म्हणतात. भाड्याच्या घरांच्या भागात ही यादी बघता बघता पानंच्या पानं भरायची. त्या पानांवरचे लोक उदासीन नव्हते, ते तिथे राहतच नव्हते.

म्हणजे मूळ प्रश्नाचे दोन तुकडे होतात. एक, ज्यांचं नाव जिथे राहतात तिथल्या यादीत नाही ते. दोन, नाव बरोबर असूनही न जाणारे. तुमच्या सोसायटीत कोणता गट मोठा आहे हे घरोघरी विचारल्याशिवाय कळणार नाही. पण नवीन, भाडेकरू जास्त असलेल्या सोसायटीत पहिला गट मोठा असतो आणि पंचवीस-तीस वर्षं जुन्या मालकी वस्तीत दुसरा, असं मी पाहत आले आहे.

पहिल्या गटाचं एक घर सांगते. नगर रस्त्यालगतच्या एका सोसायटीत नोंदणीसाठी गेले होते. दार उघडलं, चहाही झाला. नवऱ्याचं नाव लातूरच्या गावाच्या यादीत. बायकोचं सांगलीला माहेरी, तेही माहेरच्या आडनावाने, लग्नाला सात-आठ वर्षं झाली तरी तिथेच. सासूबाई गाव सोडून मुलाकडे राहायला आल्या, तेव्हापासून त्यांनी मतदान केलेलं नाही, आणि गावच्या यादीतलं नाव आहे की उडालं हे कोणी पाहिलेलं नाही. धाकटा दीर नुकताच अठरा पूर्ण केलेला, पुण्यात कॉलेजात, त्याची कुठेच नोंद नाही. चौघंही मतदानाबद्दल तावातावाने बोलत होते, उमेदवारांची नावं त्यांना माझ्याइतकीच पाठ होती. पण मतदानाच्या दिवशी या घरातून खराडीच्या केंद्रावर एकही माणूस जाऊ शकला नसता. बाहेरून बघणारा मात्र म्हणणार, एवढं शिकलेलं घर आणि मतदानाला कोणी नाही.

यात बायकांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं, आणि ते मला फार लागतं. लग्नानंतर आधार बदलतं, बँक खातं बदलतं, गॅसचं कार्ड होतं, पण मतदार यादीतलं नाव माहेरी राहतं. मतदानासाठी माहेरी जायचं म्हणजे प्रवास, मुलांची शाळा, सासरी सांगणं, त्यामुळे बाई म्हणते, 'जाऊ दे, पुढच्या वेळी बघू.' देशपातळीवर २०१९ च्या लोकसभेला बायकांच्या मतदानाची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे गेली. १९६२ ला बायका पुरुषांच्या सोळा-सतरा टक्के मागे होत्या. तिथून त्या इथवर आल्या. तेव्हा शहरातल्या सुनेचं नाव नुसतं बदललं नाही म्हणून तिचं मत वाया जावं, हे मला पटत नाही.

भाडेकरूंची अडचण वेगळी. पुण्यात करार अकरा महिन्यांचा. खराडीत घर परवडेना म्हणून माणूस वाघोलीत जातो. अंतर चार-पाच किलोमीटर, पण विधानसभा वडगाव शेरीची शिरूर होते आणि लोकसभाही पुण्याची शिरूर होते. आपण मतदारसंघ ओलांडलाय हे त्याला टेम्पोत सामान भरताना कसं सुचणार? शिवाय काही घरमालकांना भीती असते की भाडेकरूने पत्त्यावर नाव लावलं तर तो घरावर हक्क सांगेल. मतदार यादीतल्या नावाने घराचा ताबा मिळत नाही, हे मालकांना समजावण्यात माझे अनेक रविवार गेले. नोंदणीकृत भाडेकरार हा पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, आणि पुण्यात तो बहुतेकांकडे असतोच.

त्यातून वेळेचा घोळ. निवडणूक जाहीर झाली की लोक जागे होतात आणि तेव्हा अर्ज भरायला धावतात. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या दहाएक दिवस आधीपर्यंत केलेला अर्ज साधारण मार्गी लागतो. महापालिकेचं गणित आणखी कडक आहे. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो, पण एका ठरावीक तारखेची, आणि ती प्रभागांत फोडतो. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे तुमच्या सोसायटीत दिवाळीत राहायला आलेल्या कुटुंबाने लगेच अर्ज केला असता तरी जानेवारीत त्यांना तिथे मत देता आलं नसतं. तुमच्या 'निम्म्याहून कमी' मध्ये अशी घरं किती होती, ते आधी मोजा.

आणखी एक गैरसमज सुशिक्षितांत सर्रास आढळतो: ओळखपत्र जवळ आहे म्हणजे मत आहे. ओळखपत्र फक्त तुम्ही कोण ते सांगतं, मत मिळतं ते यादीतल्या नावाला. १७ एप्रिल २०१४ ला पुण्यात हजारो लोक हातात ओळखपत्र घेऊन केंद्रावर आले आणि यादीत नावच नव्हतं. वर्षानुवर्षं मत देणारी म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी आणून परत जाताना मी पाहिली आहेत. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यातल्या काहींनी 'आता काय उपयोग' म्हणून पुढच्या वेळी यायचंच सोडलं. चिडून सोडलेलं मत परत आणणं फार अवघड असतं, म्हणून नाव दरवर्षी तपासा असं मी सगळ्यांच्या मागे लागते.

आता दुसरा गट. नाव आहे, केंद्र जवळ आहे, तब्येत ठीक आहे, तरी जात नाहीत.

मतदान केंद्रावर यादीची एक चिन्हांकित प्रत असते. आमच्या वेळी मतदार आला की त्याच्या नावाखाली रेघ मारायचे आणि बाई असेल तर शिवाय वेगळी खूण करायचे. संध्याकाळी सगळं आवरताना मी ती पानं चाळायचे. एका घरातली नावं यादीत सहसा एकाखाली एक येतात. तिथे एक गोष्ट कायम दिसायची: घरातल्या चारही नावांखाली रेघा, नाहीतर चारही कोरी. अर्धं घर आलं आणि अर्धं राहिलं असं कमी व्हायचं. माझ्या लेखी मतदानाचा निर्णय एकेकट्या माणसाचा कमी आणि घराचा जास्त असतो. घरात एक जण उठून म्हणतो, 'चला, नऊच्या आत उरकून येऊ', आणि सगळे निघतात. तसं म्हणणारं कोणी नसेल तर चौघंही राहतात.

अमेरिकेत याचा प्रयोग झालाय. डेव्हिड निकरसन यांनी दोन मतदार असलेल्या घरांत दार उघडणाऱ्या एकालाच मतदानाचं आवाहन केलं. त्या एकावर जो परिणाम झाला, त्यातला सुमारे ६० टक्के घरातल्या दुसऱ्यापर्यंत पोचला, त्याच्याशी कोणी बोललेलं नसताना. त्याआधी ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात घरी जाऊन, फोनवरून आणि पत्राने अशी तीन प्रकारे आवाहनं करून पाहिली. दारावर जाऊन समोरासमोर बोलण्याने मतदान सगळ्यात जास्त वाढलं, पत्राने थोडंसं, फोनने जवळजवळ काहीच नाही. तिकडचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, आपली वस्ती वेगळी, पक्षांची पद्धत वेगळी. पण दिशा मला पूर्ण पटते, कारण पुण्यातच तिचा पुरावा आहे.

२०२४ च्या लोकसभेला पुण्यातल्या सहा विधानसभा मतदारसंघांत कसबा पेठ सगळ्यात वर होता, साठीच्या जवळ. वडगाव शेरी, म्हणजे तुमचा भाग, पन्नाशीच्या थोडा वर. पेठांतली माणसं खराडीकरांपेक्षा जास्त जागरूक आहेत असं मी म्हणणार नाही. पण पेठेत मंडळं आहेत, पक्षांचे कार्यकर्ते पिढ्यानपिढ्या त्याच वाड्या-बिल्डिंगांत राहतात. दुपारी दोनला कोणीतरी खालून हाक मारतं, 'काकू, अजून आला नाहीत?' आणि काकूंना उत्तर द्यावं लागतं. २६ फेब्रुवारी २०२३ च्या कसब्याच्या पोटनिवडणुकीत हे फार स्पष्ट दिसलं. पोटनिवडणूक म्हटली की मतदान घसरतं, पण लढत चुरशीची होती, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते घरोघरी फिरत होते, आणि सुमारे निम्मे मतदार बाहेर पडले. आपल्या मताने फरक पडेल असं वाटणं आणि ओळखीच्या माणसाने बोलावणं, दोन्ही तिथे एकत्र आलं होतं.

तुमच्या सोसायटीत मात्र गेटवर कार्यकर्त्याला सोडत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे मत मागायला दारावर येणारा माणूसच बंद झाला, आणि त्याची जागा व्हॉट्सॲपवरच्या 'अवश्य मतदान करा' च्या चित्रांनी घेतली. सगळ्यांना पाठवलेली विनंती कोणालाच आपली वाटत नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्याकडे येते. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्यांत, येरवड्याच्या चाळींत मतदानाच्या दिवशी सकाळी सातला रांग असते आणि रांगेत निम्म्याहून जास्त बायका असतात, कारण नंतर त्यांना चार घरची कामं गाठायची असतात. त्यांच्यातल्या कोणालाही विचारा, नाव यादीत असण्याला त्या किती जपतात. नळ, ड्रेनेज, रेशन, दाखला, शाळाप्रवेश, पुनर्वसनाच्या यादीत घर येणं, या सगळ्यांत सरकारशी गाठ पडते आणि प्रत्येक वेळी नगरसेवकाच्या ऑफिसात जावं लागतं. 'तुमचं मत कुठे आहे?' हा तिथला पहिला प्रश्न. त्यांच्यासाठी मत ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. काही ठिकाणी पैसे, साड्या वाटल्या जातात हेही खरं, आणि ते थांबलंच पाहिजे. पण गरीब माणूस केवळ त्यासाठी रांगेत येतो असं म्हणणं मला अपमानाचं वाटतं. पैसे न वाटलेल्या वस्तीतही मी तीच रांग पाहिली आहे.

याच्या उलट तुमची सोसायटी पाणी टँकरचं विकत घेते, सुरक्षारक्षक स्वतःचे ठेवते, बाग, दिवे, आतले रस्ते, सगळं मेंटेनन्समधून करते. महापालिकेशी संबंध येतो तो वर्षातून एकदा मिळकतकर भरताना, तोही मोबाइलवर. अशा माणसाला नगरसेवक बदलल्याने उद्या सकाळी आपलं काय बदलेल हे दिसत नाही. त्याने ठरवून पाठ फिरवलेली नसते, त्याची आणि महापालिकेची गाठच पडत नाही. पण टँकर का लागतो? महापालिकेचं पाणी पुरेसं पोचत नाही म्हणून. तुमच्या मेंटेनन्समधल्या टँकरच्या बिलाचा आकडा काढा, चारशे घरांनी भागा आणि तो नोटीस बोर्डावर लावा. मतदान जागृतीच्या कुठल्याही घोषणेपेक्षा लोक त्या आकड्याकडे जास्त वेळ बघतील.

महापालिकेच्या निवडणुकीला काही खास अडचणीही आहेत. २०१२ ला प्रभागात दोन नगरसेवक होते, २०१७ पासून बहुतेक प्रभागांत चार. चार मतं द्यायची, चार जागांचे उमेदवार ओळखायचे, आणि निवडून आल्यावर कोणाकडे जायचं हे ठरत नाही. 'आपला नगरसेवक' ही कल्पनाच विरळ झाली. त्यात मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर २०२६ च्या जानेवारीपर्यंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. २०१७ च्या मतदानानंतर अठरा पूर्ण केलेल्या मुलांना नगरसेवक निवडायची पहिली संधी या जानेवारीत मिळाली, काहींना तर पंचविशी उलटल्यावर. मतदान ही सवय आहे. पहिली दोन-तीन मतदानं ज्याने केली तो पुढे सहसा चुकत नाही, आणि ज्याची सुरुवातच हुकली त्याला नंतर ओढून आणावं लागतं. या पिढीची सुरुवात आपण सगळ्यांनी मिळून लांबवली.

मतदान केंद्र हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा आहे, पण तो मोठा आहे. विधानसभेला केंद्र एका शाळेत, महापालिकेला प्रभागरचनेमुळे दुसऱ्याच. माणूस जुन्या शाळेत जातो, 'तुमचं इथे नाही' ऐकतो, आणि त्यातले सगळेच दुसरीकडे जात नाहीत. मोबाइल आत नेता येत नाही हे दारात कळलं की एकटी आलेली माणसं परत फिरतात. २०२४ च्या विधानसभेला पुण्यात काही मोठ्या सोसायट्यांतच केंद्रं दिली गेली. ज्येष्ठांना त्याचा फार उपयोग झाला. तुमच्याकडे क्लबहाऊस तळमजल्यावर असेल, तर सोसायटीच्या लेटरहेडवर तशी मागणी मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडे निवडणुकीच्या बऱ्याच आधी द्या.

हवामान आणि जोडसुट्टी यांचा परिणाम होतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. विधानसभेची तारीख २० नोव्हेंबर २०२४, बुधवार, ही शहरी मतदार जोडसुट्टी करून निघून जाऊ नयेत म्हणून आठवड्याच्या मधोमध ठेवल्याचं निवडणूक आयोगाने जाहीरपणे सांगितलं होतं. राज्याचं मतदान तेव्हा २०१९ च्या ६१ टक्क्यांवरून ६६ च्या आसपास गेलं, पण ते बुधवारमुळेच गेलं असं म्हणायचं धाडस मी करणार नाही, लढतही मोठी होती. आणि जो महाबळेश्वरला गेला तो बहुधा आधीच न जाणाऱ्यांतला होता. 'चांगला उमेदवारच नाही' हे कारणही मला दारोदार ऐकू येतं. २०१३ पासून नोटाचं, म्हणजे 'यापैकी कोणीही नाही' चं बटण आहे, खरोखर नाराज असलेला माणूस ते दाबून येऊ शकतो. पुढे दोन प्रश्न विचारले की बऱ्याचदा कळतं, उमेदवार कोण आहेत हेच पाहिलेलं नाही, किंवा नाव गावाला आहे.

सक्तीबद्दल. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून राष्ट्रीय निवडणुकीत सक्ती आहे, न गेल्यास छोटा दंड होतो, आणि तिथे मतदान भरघोस होतं हे खरं. पण तिथे लोकांची नावं यादीत नीट राहतील याची व्यवस्थाही तितकीच कडक आहे. आपल्याकडे गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला, त्याला २०१५ साली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. आपल्या याद्यांची आजची अवस्था पाहता दंड बसेल तो माहेरी नाव राहिलेल्या सुनेला आणि घर बदललेल्या भाडेकरूला. मला ते अन्यायाचं वाटतं.

तुम्ही असंही सुचवलंय की मतदान न केलेल्यांची यादी सोसायटीच्या ग्रुपवर टाकावी. कृपा करून हे करू नका. शेजाऱ्यांना कळेल या धाकाने मतदान वाढतं, हे अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये २००६ साली मोठ्या प्रयोगात दिसलंय, वाढ आठ टक्क्यांच्या आसपास होती. पण एका इमारतीत वर्षानुवर्षं एकत्र राहायचं आहे. कोणी आजारी होतं, कोणाकडे दुःखाची गोष्ट घडली होती, ते कोणी ग्रुपवर का सांगावं? लाज वाटलेला माणूस पुढच्या वेळी तुम्हाला दार उघडणार नाही, आणि तुमचं सगळं काम त्या दारावर अवलंबून आहे.

आतापर्यंतचं थोडक्यात: आधी नाव योग्य जागी हवं, मग केंद्र माहीत हवं, मग ओळखीच्या कोणीतरी विचारायला हवं, आणि त्या मताचा आपल्या घराशी संबंध दिसायला हवा. हा क्रम उलटा करून चालत नाही. नाव लातूरला असलेल्या माणसाला कितीही कळकळीने सांगितलं तरी तो खराडीत मत देऊ शकत नाही.

तुमच्या जागी मी असते तर निवडणूक नसलेल्या या काळातच सुरुवात केली असती. प्रत्येक विंगमधून दोन माणसं निवडा, शक्यतो एक बाई आणि एक तरुण, कोणत्याही पक्षाचं पद नसलेली. त्यांनी फक्त आपल्याच विंगच्या दारांवर जायचं, आणि पहिल्या फेरीत मतदान करा असं म्हणायचंच नाही. एवढंच विचारायचं: घरात अठरा पूर्ण किती जण, आणि प्रत्येकाचं नाव कुठे आहे? तिथेच उभं राहून निवडणूक आयोगाच्या ॲपवर नाव शोधायचं. नाव नसेल तर फॉर्म ६. दुसरीकडे असेल किंवा आडनाव, पत्ता बदलायचा असेल तर फॉर्म ८, आता स्थलांतरालाही तोच चालतो. गावालाच मत द्यायचं असेल तर तो त्यांचा हक्क आहे, आग्रह करू नका, फक्त दोन्हीकडे नाव ठेवू नका म्हणून सांगा. मुलं अठराची होण्यासाठी आता फक्त १ जानेवारीच धरत नाहीत, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा आहेत. बारावीच्या निकालानंतर सोसायटीत एक छोटं शिबिर घेतलं तर बरीच मुलं एका दुपारी होऊन जातात. अडलं तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करा आणि तुमच्या भागाच्या बीएलओला एकदा सोसायटीत बोलवा. तिला गेटवर अर्धा तास उभं करू नका, ती बहुतेक कोणाच्या तरी शाळेतली बाई असते आणि शाळा सुटल्यावर आलेली असते.

दुसरी फेरी मतदानाच्या आदल्या आठवड्यात, त्याच दोन माणसांनी. या वेळी 'करणार ना?' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'किती वाजता जाणार? कोणाबरोबर? केंद्र कोणतं, खोली कोणती?' असं विचारा. वेळ तोंडाने सांगितली की माणूस ती पाळायला बघतो. अमेरिकेत २००८ साली अशा प्रश्नांचा प्रयोग झाला तेव्हा मतदान सुमारे चार टक्क्यांनी वाढलं होतं, आणि सगळ्यात जास्त फायदा घरात एकटं मत असलेल्यांत दिसला. तुमच्याकडच्या एकट्या राहणाऱ्या आयटीतल्या मुलामुलींना आणि एकट्या आजी-आजोबांना म्हणूनच आधी गाठा. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरचे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार घरून मत देऊ शकतात, त्यासाठी फॉर्म १२ डी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. ती तारीख चुकवू नका.

आणि मतदान संपायच्या वेळी कोणी 'आता उशीर झाला' म्हणून घरी बसलं असेल तर त्याला खाली आणा. वेळ संपताना जे रांगेत उभे असतात त्या सगळ्यांना मत देता येतं. आम्ही त्या वेळी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे यायचो, म्हणजे मागून नवीन कोणी येऊन उभं राहू नये. त्या चिठ्ठीवर काही जणांनी वेळ उलटून गेल्यावरही मत दिलेलं आहे.

शेवटची विनंती तुमच्या सोसायटीतल्या कामाला येणाऱ्यांसाठी. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्याने आहे, रोजंदारीवरच्यांनाही आहे, पण स्वयंपाकाच्या मावशी, ड्रायव्हर, वॉचमन यांच्यापर्यंत ती पोचत नाही. त्यांचं मत चंदननगरला असेल, वाघोलीला असेल, नाहीतर बीड-नांदेडला. कमिटीने वॉचमनच्या पाळ्या त्या दिवशी अशा लावाव्यात की प्रत्येकाला तीन तास मोकळे मिळतील, गावी मत असणाऱ्याला दोन दिवसांची रजा पगार न कापता द्यावी, आणि घराघरांत आदल्या रात्री सांगावं की मावशी उद्या दुपारी आल्या तरी चालेल. हे पत्रक तुम्ही सेक्रेटरींच्या सहीने काढलंत की मसुदा मला जरूर दाखवा, इतर सोसायट्यांनाही तो देता येईल.